अक्काच्या लग्नाचा येसर आणि रविवारचे फ्रेंच फ्राईज

रविवारी माझ्या जालन्याच्या स्वयंपाकघरात फ्रेंच फ्राईज झाले. करणारी मेघा, माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे अक्काची नात. मी खुर्चीत बसून सूचना देणारी... नव्वदीत तेवढंच काम उरतं.

पोरगी हाताची नेटकी आहे. बटाट्याच्या बोटाएवढ्या फाका केल्या, अर्धा तास मिठाच्या थंडगार पाण्यात ठेवल्या आणि पंच्यावर कोरड्या केल्या. एकदा मंद आचेवर तळून गार होऊ दिल्या, मग पुन्हा मोठ्या आचेवर. कुरकुरीतपणा म्हणे या दुसऱ्या तळणात येतो.

इथपर्यंत मी खूश होते. मग तिनं पिशवीतून एक डबी काढली आणि गरम फ्राईजवर तिखट-मिठासोबत येसर भुरभुरला. वास आला आणि मी प्लेट बाजूला सारली.

मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगते... येसर म्हणजे बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ खरपूस भाजून मसाल्याबरोबर दळलेलं पीठ. लग्नघरात तो आधी दळून ठेवतात, पंगतीला त्याचीच आमटी. लग्नाची पहिली पंगत बसेपर्यंत त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही, हे आमच्या घरी फार कडक होतं.

मी येसर खात नाही हे सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. माझ्या स्वतःच्या लग्नातही आमटीची वाटी तशीच राहिली होती. पोटाला सोसत नाही असं सांगत आले... ते खोटं होतं.

मी तेरा वर्षांची होते. हैदराबाद संस्थानाचे शेवटचे महिने, आमचं गाव जाफराबादजवळ. अक्काचं लग्न ठरलं होतं, येसर दळून झाला होता आणि रझाकारांच्या धाकानं गावोगावची माणसं गाड्या जुंपून सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात निघाली होती. आम्हीही निघालो. आईनं सोबत घेतलं ते अक्काचं लग्नाचं लुगडं आणि फडक्यानं तोंड बांधलेला येसराचा डबा. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो, ते मागं राहिले. "गुरं सोडून कसा येऊ? चार दिवसांत येतो," म्हणाले.

पलीकडे आईच्या मावसभावाच्या घरी राहिलो. चाराचे पंधरा दिवस झाले, दादा आले नाहीत. दोन दिवसांपासून मी जेवणच टाकलं होतं. दादा आल्यावर जेवीन, असा हट्ट... हट्टी तर मी अजूनही आहे.

एके दिवशी सकाळी विहिरीवर गेलेली मी गर्दीमुळं दुपारी पाणी घेऊन आले, तर अक्का परसात चुलीवर कढई ठेवून बसलेली. बटाट्याच्या लांब फाका तळून तिनं ताटलीत काढल्या आणि वर मूठभर येसर टाकला. तिच्या लग्नाच्या डब्यातला!

"अक्का, आई मारंल गं! हा लग्नाचा हाय."

"माझ्याच लग्नाचा हाय ना? मंग खा जल्दी, गरम हाय तवर."

वास असा की माझा हट्ट जागच्या जागी विरघळला. मी बकाबका खाल्लं. मधेच आई दारात आली, कढईकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं, तोंडाला पदर लावला आणि पाठ फिरवून आत गेली. मला वाटलं, रागावली.

संध्याकाळी आईच्या कपाळावर कुंकू नव्हतं. गावाकडून निरोप आला होता... दादा गेले.

तेरा वर्षांच्या डोक्यात हिशोब सरळ होता. दुपारी मी लग्नाचा येसर उष्टा केला, संध्याकाळी दादा गेले. हे मी कुणाला बोलले नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, अक्काला तर नाहीच. पुढं अक्काचं लग्न चार माणसांत झालं. उरलेल्या येसराची आमटी पातळ झाली, वरमायनं नाक मुरडलं, तेव्हा मी खांबाआड रडत होते.

रविवारी मेघानं विचारलं, "मावशीआजी, खरंच सोसत नाही का गं?" आणि का कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा.

तिनं झारा खाली ठेवला. "पण आजीनं मला हे वेगळंच सांगितलंय," ती म्हणाली. फ्राईज करायला तिला अक्कानंच शिकवलं होतं, येसर लावून. आणि दर वेळी तळताना अक्का जे बोलायची, ते तिनं अक्काच्याच शब्दांत ऐकवलं.

"निरोप सकाळीच आल्ता. सुमी विहिरीवर गेल्ती. एकदा का तिला कळलं असतं, तर पोरगी अन्नाला शिवलीच नसती. म्हणून आईला म्हणलं, थांब, आधी तिच्या पोटात काही जाऊ दे, मंग सांग."

सुमी म्हणजे मी.

ज्या घरात माणूस गेलं, त्या घरात कढई चढत नाही. तळण तर नाहीच नाही. अक्काला सकाळपासून ठाऊक होतं की बाप गेला. तरी तिनं कढई चढवली, स्वतःच्या लग्नाचा डबा सोडला आणि माझ्यासमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. आई रागावली नव्हतीच... तिला ते बघवलं नाही.

अक्का जाऊन सहा वर्षं झाली. तिला एकदा विचारायला काय झालं होतं मला? या एका गोष्टीसाठी मी स्वतःला माफ करणार नाही. बाकीचं ओझं मात्र रविवारी उतरलं.

मी प्लेट परत ओढली. फ्राईज गार झाले होते, मेघा म्हणाली पुन्हा तळून देते, मी नको म्हटलं. एकेक करून सगळे खाल्ले.

हे मी सांगते आहे आणि मेघा मोबाईलवर लिहिते आहे, डोळे पुसत. लिही बाई, शेवटची ओळ...

अक्का, पोटभर जेवले गं.