उजव्या गालातले खिळे

गल्लीत त्याला सगळे ठोक्या म्हणत. हातात सदा हातोडी असायची म्हणून, आणि मनात येईल ते समोरच्याच्या तोंडावर ठोकून मोकळा व्हायचा म्हणूनही. धंदा सोफे आणि खुर्च्या मढवायचा. समोरचा सुतार लाकडाचा सांगाडा करून द्यायचा, ठोक्याची बायको मशीनवर खोळी शिवायची, आणि हा फोमवर कापड ताणून बारीक खिळ्यांनी पक्कं करायचा.

या कामाला दोन हात पुरत नाहीत. एकाने कापड ताणायचं, दुसऱ्याने हातोडी धरायची, मग खिळे ठेवायचे कुठे? तोंडात. ठोक्या उजव्या गालात मूठभर खिळे भरायचा. जीभ एकेक खिळा आतल्या आत फिरवून, खिळ्याचं डोकं पुढे करून ओठांवर आणून द्यायची. लोहचुंबकाची हातोडी तो खिळा उचलायची की ठक! नवख्याला वाटायचं, माणूस खिळे थुंकतोय. डावा गाल मात्र तंबाखूचा. एका घरात दोन भाडेकरू, पण कधी भांडण नाही, असं तो मिशीत हसून सांगायचा.

जिभेच्या उजव्या कडेला पांढरा चट्टा आला आणि त्यात जखम झाली, तेव्हा ठोक्याने आपल्या अकलेने निकाल लावला. तंबाखू डावीकडे, जखम उजवीकडे. म्हणजे हे काम खिळ्याचंच. खिळा टोचतो, रक्त येतं, भरून येतं. आजवर किती वेळा झालंय. जखमेला आराम मिळावा म्हणून त्याने भाडेकरूंची अदलाबदल केली. खिळे डाव्या गालात घेतले, तंबाखू उजवीकडे सरकवली. तंबाखूने जखम सुन्न व्हायची, दुखायची नाही. त्यामुळे इलाज लागू पडतोय असंच त्याला वाटलं.

सुताराने टोमणा मारला की जीभ चावली गेलीच आहे, तर आता गिऱ्हाइकाशी गोड बोलून बघ. ठोक्याही हसला. बायको हसली नाही. नवरा एकाच बाजूने चावतो, गरम खाताना डोळे मिटतो, ताटात अर्धं टाकून उठतो, हे तिने पाहून ठेवलं होतं. शेवटी तिने त्याला मशीनच्या दिव्याखाली बसवून आ करायला लावलं आणि जखमेवर बोट फिरवलं. कडा टणक लागल्या. दुसऱ्या दिवशी मशीन बंद ठेवून ती त्याला इस्पितळात घेऊन गेली.

जखमेचा तुकडा तपासायला गेला. कॅन्सर निघाला. ऑपरेशन करणारी डॉक्टरीण वयाने लहान, बोलायला मोजकी. ठोक्याने तिला डाव्या-उजव्याचा आपला सिद्धांत ऐकवला. तिने पुरता ऐकून घेतला.

"तंबाखूचा रस गालाच्या हद्दी पाळत नाही," ती म्हणाली.

मग तिने नीट समजावलं. रोग सुरुवातीचा आहे, म्हणजे नशीब थोरच म्हणायचं. जिभेचा तेवढा भाग, भोवतीच्या चांगल्या मांसाच्या पट्टीसकट कापायचा आणि टाके घालायचे. भाग लहान आहे, दुसरीकडचं मांस आणून लावायची गरज नाही. बोलणं काही दिवस जड होईल, मग बरंच सुटेल. प्रश्न मानेचा होता. मानेत हाताला काही लागत नव्हतं, फोटोतही काही नव्हतं. पण जिभेतली गाठ लहान असली तरी खोल गेली होती, आणि अशा वेळी रोग मानेतल्या बारीक गाठींत लपलेला असू शकतो. त्या गाठी आताच, याच ऑपरेशनमध्ये काढायच्या; नाहीतर मान तशीच ठेवून वरचेवर तपासत राहायचं. आधी एकच गाठ काढून तपासायचा मधला मार्ग काही मोठ्या ठिकाणी असतो, इथे ती सोय नाही. तिचं स्वतःचं मत विचाराल तर आताच काढा. खांदा उचलणारी नस तिथूनच जाते. ती जपता येते, तरी खांदा काही महिने जड राहू शकतो. व्यायामाने बहुतेकांचा सुधारतो.

एवढ्या सगळ्यातून ठोक्याच्या कानात एकच शब्द शिरला. खांदा.

"जीभ घ्या बाई. तसंही तिने कुणाचं भलं केलेलं नाही, गल्लीला विचारा. पण मानेला हात लावायचा नाही."

"अहो, त्या म्हणतायत तर एकदाच होऊन जाऊ दे," बायको म्हणाली.

"तुझं काय जातंय? खांदा गेला तर हातोडी तू मारणार का?"

"मारीन."

ठोक्या खो खो हसला. डॉक्टरीण हसली नाही. मान ठेवायची तर एकही तपासणी चुकवायची नाही, एवढंच तिने दोनदा बजावलं.

पुढे गल्लीने त्याला अडाणी ठरवलं. ज्यांचं पोट खुर्चीत बसून भरतं त्यांना असं बोलायला काय जातं! ज्याच्या खांद्यावर चूल पेटते, त्याला मरण दूर दिसतं आणि खांदा जवळ. त्याचं चुकलं, हे खरंच. पण तो मूर्ख नव्हता.

ऑपरेशन जिभेपुरतंच झालं. जीभ बरी झाली. तंबाखू सुटली. बोलणंही सुटलं, फक्त 'र' आणि 'ळ' घसरायचे. खिळे मात्र तोंडात फिरेनात. टोक आधी बाहेर यायचं आणि ओठ फाटायचा. मग त्याने पत्र्याची वाटी जवळ घेतली. काम निम्म्यावर आलं, तरी हातोडी चालत होती, आणि सुताराला तो हात उंच करून दाखवायचा, बघ, शाबूत आहे.

सुरुवातीच्या तपासण्या त्याने इमानेइतबारे केल्या. मग एका सभागृहाच्या खुर्च्यांचं काम आलं आणि पुढची तपासणी आज-उद्यावर गेली. बायकोने आठवण केली की तो चिडायचा. मी रोज मान दाबून बघतो, डॉक्टरीण आणखी काय वेगळं करणार? बघायचा, यात खोटं नव्हतं. पण जन्मभर सुतळी आणि कापड ओढून त्याच्या बोटांचं कातडं पायाच्या टाचेसारखं झालेलं. त्या बोटांना काय कळणार?

सभागृहाचं काम संपत आलं तेव्हा बायकोने त्याला सदरा शिवायला घेतला. गळ्याचं माप घेताना टेप जबड्याखाली उजवीकडे थांबली. तिने टेप सोडली आणि तिथेच बोट टेकवलं. तिचं बोट हललं नाही, तेव्हा त्याला कळलं.

या वेळी पर्याय कुणी विचारले नाहीत. रोग गाठ फोडून भोवती पसरला होता. ऑपरेशन मोठं झालं, नस वाचवता आली नाही, आणि वरून रेडिएशनचे शेक घ्यावे लागले. तोंड कोरडं लाकूड झालं, उरलेली जीभ आखडली. उजवा हात छातीपर्यंत येतो, पुढे येत नाही. रोग गेला का, ते सांगायला डॉक्टरीण अजून वेळ मागते. 'माझं ऐकलं असतं तर' हे वाक्य बायकोच्या ओठांवर किती वेळा आलं असेल, तिने ते कधी काढलं नाही. काढलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

हल्ली तपासणीला जातात तेव्हा बाकावर बराच वेळ बसावं लागतं. परवा शेजारी एक ट्रकवाला बसला होता. जिभेलाच रोग, तोही सुरुवातीचा. सोबतच्या आपल्या बायकोला सांगत होता की जीभ कापू देईन, मानेचं नको म्हणेन. स्टिअरिंग काय दातांनी फिरवू? ठोक्या ताठ झाला. त्याच्याकडे वळून बोलू लागला, घाईघाईने, जीव तोडून. कोरड्या तोंडातून नुसता घरघराट निघाला. ट्रकवाला संकोचून हसला आणि ज्याला काही कळलं नाही त्याने हलवावी तशी मान हलवली. जन्मभर ज्याच्या तोंडाला गल्ली भ्यायली, त्याने आपल्या बायकोकडे पाहिलं.

"हे म्हणतायत, मानेचंही आत्ताच करून घ्या," ती म्हणाली. "यांनी नाही केलं."

ट्रकवाल्याने ठोक्याच्या मांडीवर पडलेल्या हाताकडे पाहिलं.

"हात वर जातो का?"

"नाही जात. उशीर झाला म्हणून नाही जात. तुम्हाला उशीर नाही झालेला."

तेवढ्यात आतून ट्रकवाल्याला हाक आली. तो उठला, दाराशी जरा घुटमळला आणि आत गेला. दार लागलं. ठोक्या पुढे झुकून ऐकायचा प्रयत्न करत राहिला, पण दार जाड होतं.