आत्यांचं उजव्या हाताचं एन्झाइम

माझ्या बायकोच्या आत्यांनी ज्याचा हात धरला नाही असा माणूस रत्नागिरीत सापडणार नाही. कॉलेजात जीवशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण शिकवणं काही निवृत्त झालं नाही. डीएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइमचा आकार अर्धवट मिटलेल्या उजव्या हातासारखा असतो, आणि हे सांगायला त्यांना स्वतःचा हात पुरत नसे. "बोटं नवं अक्षर आत घेऊन मिटतात, तळव्यात ते साखळीला जोडलं जातं, आणि अंगठा साखळी सुटू देत नाही. प्रत्येक डोमेनचं, म्हणजे भागाचं, काम वेगळं." मांडवीला मासेवालीच्या हातात बांगडा ठेवून त्यांनी तिची बोटं मिटली. ती म्हणाली, "बाय, माजा हात सोड, गिऱ्हाइकां खोळंबलीत." दाढ काढायला गेल्या तेव्हा त्यांनी डॉक्टरांचाच हात धरला. दाढ तशीच घेऊन परत आल्या.

आंब्याच्या दिवसांत त्या आमच्याकडे पेट्या भरायला बसत. ठेवलेला आंबा तिथल्या तिथे तपासायचा, डागी निघाला तर लगेच उचलायचा, ही शिस्तही एन्झाइमचीच. एकदा मी तळाशी डागी आंबा ठेवला आणि वर दुसरा थर चढल्यावर कबूल केलं.

"आता काय उपयोग, जावईबापू? चूक खुडणारं डोमेन फक्त शेवटचं अक्षर काढतं. साखळी पुढं गेली की त्याला मागचं काढता येत नाही."

"मग चूक तशीच राहते?"

"तशी कशी राहील? मागाहून दुसरी एन्झाइमं येतात, तेवढा तुकडा कापतात, नव्यानं भरतात."

एवढं बोलून त्यांनी पुढचा आंबा न तपासताच पेटीत ठेवला. मला कारण ठाऊक होतं. माझ्या सासूबाईंच्या तेराव्याला त्या आपल्या भावाला, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "वेळेवर डॉक्टरकडे नेलं असतंस तर वहिनी वाचली असती." तेव्हापासून सहा वर्षं बहीणभावात शब्द नव्हता.

तेव्हा आता दुसरं एन्झाइम आपणच व्हायचं, असं मी ठरवलं. आरे-वारेला फिरायला म्हणून त्यांना गाडीत बसवलं आणि गाडी थेट वेळणेश्वरला, सासऱ्यांच्या घरी काढली. आरे-वारे मागं पडल्यावर त्यांच्या लक्षात आलंच. जयगडच्या फेरीबोटीत त्यांनी कुणालाही काही समजावलं नाही. हे मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मलाच भीती वाटू लागली.

सासरे अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होते. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"चुकलं माझं, दादा."

"उन्हात काय उभी गो? आत ये."

त्यानंतर त्या दोघांना जेमतेम एक पावसाळा मिळाला; मग आत्या गेल्या. मी सहा वर्षं कशाची वाट पाहत बसलो होतो, कोण जाणे.