पडघान सर आणि होलसम

आमच्या रिठदमध्ये कुणाचं लग्न आटोपलं की चौथ्या-पाचव्या दिवशी पडघान सर त्या घरी हजर. ओट्यावर टेकायचे, तांब्याभर पाणी प्यायचे आणि विचारायचे, "पत्रिका उरल्या असतीन ना दोनचार?" त्या आपल्या घरी नेऊन कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या कापायच्या आणि एकेका चिठ्ठीवर एकेक इंग्रजी शब्द लिहायचा, असा त्यांचा उद्योग. माझ्या आपाच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, लग्नपत्रिकेच्या पाठीमागे 'स्टबर्न', म्हणजे हट्टी, हा शब्द गेला. सरांनी तो मुद्दाम तिथे लिहिला, असं अम्मी आजही म्हणते.

आमचं गादी-रजईचं दुकान सरांच्या घरासमोर. अब्बा कापूस पिंजायचे आणि सर संध्याकाळी पायरीवर बसून त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलायचे. हायस्कूलात तेच आम्हाला इंग्रजीला होते. पण शब्दाचा अर्थ सांगतील तर शपथ. आठवीत मी पहिल्यांदा विचारला तेव्हा खडू खाली ठेवून म्हणाले, "अर्थ कायले इचारतं, रुखसाना? तो कोनाच्या घरी राह्यते, ते इचार." म्हणजे तो शब्द कुठे कुठे वापरलाय त्याची तीन ठिकाणं शोधून आणायची. गाइडात अर्थ एका ओळीत मिळायचा, त्यामुळे निम्मा वर्ग त्यांच्यावर चिडून असायचा. मीही असायचे.

सगळ्या शब्दांत त्यांचा लाडका एकच, होलसम. त्याच्या एकट्याच्या चिठ्ठ्या बुटाच्या खोक्यात मावत नव्हत्या. जुनी पुस्तकं, रद्दीतली मासिकं, दवाखान्यातली पत्रकं, जिथे तो दिसेल तिथून त्यांनी टिपून आणला होता. "हा लय मोठ्या घरचा शब्द हाये," ते सांगायचे. "होल म्हंजे अख्खं. हेल, हील, हेल्थ, ही सारी याची भावकी. पयले त याले अंगाशी काही घेनंदेनं नव्हतं. उपदेशाले लावत. जीवाचं भलं करते तो उपदेश होलसम. मंग तो हवेत आला, पान्यात आला, ताटात आला. सातआठशे वर्सं चालून राह्यला बिचारा."

आता माझा भाचा मोबाइलवर मांजरीला कुरवाळणाऱ्या कुत्र्याचा व्हिडिओ पाहतो आणि खाली तोच शब्द टाकतो. परवा ते पाहून मला भडभडून आलं. सर असते तर त्या पोराला शेजारी बसवून त्यांनी चिठ्ठी भरली असती आणि वर तारीख टाकली असती. आता असं काही दिसलं तर सांगायला जावं असं एकही दार मला उरलेलं नाही.

सर रिटायर झाले त्याच्या पुढच्या वर्षी त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, आजारी पडल्या. अकोल्याला पोटाचं ऑपरेशन झालं. मी तेव्हा वाशीमला बी.एस्सी. करत होते, रोज एसटीने जाऊन-येऊन. काकू घरी आल्या तेव्हा नऊवारी त्यांच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसत होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, महिन्याभरात वजन तीन किलो वाढलं तर पुढची औषधं सोसतील, नाहीतर सुरू करता येणार नाहीत. आणि दवाखान्याच्या सुटीच्या कागदावर खाली इंग्रजीत लिहिलं होतं, आहार होलसम असावा.

सरांनी तो कागद मला दाखवला तेव्हा ते घाबरलेले होते. तरी चेहऱ्यावर कुठेतरी हुरूपही होता. उभ्या जन्मात ज्या शब्दाचा पिच्छा पुरवला, तो अखेर घरी कामाला आला होता. मुलगा पुण्याला, सून बाळंतीण. स्वयंपाक सरांवरच आला. काकूंनी त्यांना चाळीस वर्षांत चहासुद्धा करू दिला नव्हता, त्यामुळे मीठ कोणत्या डब्यात आहे इथपासून तयारी. मग त्यांनी काय करावं? खोकं काढलं. जुन्या इंग्रजी पुस्तकांत ज्या ज्या पदार्थाला होलसम म्हटलंय ते सगळे चिठ्ठ्यांवरून उतरवून काढले आणि तसेच रांधायला घेतले. जवाचं पाणी, दुधात भिजवलेला पाव, नुसत्या उकडलेल्या भाज्यांचं फिकं कढण. जव मिळावा म्हणून ते रिसोडपर्यंत जाऊन आले.

तिसऱ्या दिवशी मी गेले तर काकू भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. वाटी जशीच्या तशी.

"काकू, काहून नाई खाल्लं?"

"पोरी, मी मराच्या आधी हे मले इंग्रज करून टाकतीन," त्या म्हणाल्या. "तोंडाची चव गेली माही. ताकातल्या कन्या करा म्हना. लसन घालून."

सर दारात उभे होते. हातात चिठ्ठी होती, ती त्यांनी खिशात घातली. थोड्या वेळाने चुलीपाशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तीन दिवस मी तिले पुस्तक खाऊ घातलं, रुखसाना. आता तू सांग, ज्वारी किती भरडाची?"

कण्या मी शिकवल्या. पहिल्या दिवशी गुठळ्या झाल्या, दुसऱ्या दिवशी भांड्याचं बूड करपलं. तिसऱ्या दिवशी जमल्या. वरून लसणाची फोडणी दिली तेव्हा आमच्या दुकानापर्यंत वास आला आणि अब्बांनी हात थांबवून "वा, मास्तर!" म्हटलं. पण काकूंनी दोनच घास घेतले आणि ताट सारलं. सरांचा चेहरा पाहवेना.

"आता काय कमी हाये सुमन? सांग ना."

काकूंनी पदराने तोंड पुसलं. मग माझ्याकडे पाहून बोलल्या, सरांकडे नाही. "बेचाळीस वर्सं झाले माह्या लग्नाले. यायनं ताटापाशी पुस्तक ठेवूनच जेवन केलं. मी वाढत जाओ, मंग मांगून एकटी जेवो. एक डाव माह्यासंगं बसून जेवा म्हना. मंग पाह्यतो उतरते का घास."

मला कुठे पाहावं कळेना. सर वळले. आत गेले, दुसरं ताट आणलं, काकूंच्या खाटेपाशी पाट टाकून बसले. पुस्तक नाही म्हणून डावा हात कुठे ठेवावा हे त्यांना समजत नव्हतं. तो कधी मांडीवर, कधी तांब्यावर.  शेवटी म्हणाले, "तूर बरी हाये यंदा."

"मले काय माहीत? मी पडून राह्यली इथं," काकू म्हणाल्या, आणि हसल्या. त्या दिवशी त्यांनी वाटीभर कण्या खाल्ल्या. वर तिखट मागितलं.

त्यानंतर रोज दोन्ही वेळा दोन ताटं. वजन महिन्याने साडेतीन किलो वाढलं. औषधं सुरू झाली. काकू त्यानंतर एक हिवाळा आणि एक उन्हाळा जगल्या, आणि त्या दिवसांत त्या घरातून जितकं हसणं ऐकू आलं तितकं आधी कधी आलं नव्हतं. भांडणंही ऐकू आली. "चाळीस वर्साचं साचलं होतं, बोलू दे तिले," सर अब्बांना सांगायचे.

काकू गेल्यावर सर पुण्याला गेले नाहीत. चिठ्ठ्या बंद झाल्या, लग्नघरी जाणंही बंद झालं. पण दुपारी कण्या करायचे, त्या मात्र दोघांच्या मापाने. एकट्याने घास उतरत नाही, असं ते आडपडदा न ठेवता सांगत. अब्बा कधी जाऊन बसायचे, कधी अम्मी पाठवायची कोणाला तरी. मला वाशीमला लॅबमध्ये नोकरी लागली होती, मी रविवारी घरी यायचे आणि आले की त्यांच्याकडे डोकावायचे.

असाच एक रविवार. मला परतायची घाई होती, तीनची एसटी गाठायची होती. नुसतं तोंड दाखवून निघावं म्हणून मी दारातच उभी राहिले. आत दोन ताटं मांडलेली होती. सर तांब्या भरून आणत होते.

"आली काय? धू हात. गरम हायेत."

"जेवून आली सर," मी म्हटलं. "गाडी हाये ना."

"असं काय," ते म्हणाले. "बरं, बरं. पुढच्या खेपेले ये आरामात." आणि त्यांनी एक ताट उचलून पुन्हा मांडणीवर ठेवलं.

पुढची खेप आली नाही. शुक्रवारी पहाटे सर झोपेतच गेले. लोक म्हणतात, मरण चांगलं आलं. मीही मान डोलावते. पण मी जेवून आले नव्हते. त्या दिवशी सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता.