कथलाचा कान

अन्सारचाचांना प्रत्येक भांडं आधी खरवडून बघायची खोड. आखातातल्या मुहर्रकच्या बाजारात त्यांचं कल्हईचं एवढंसं दुकान. गावाकडं, राजापुरात, स्टीलची भांडी आली आणि कल्हईवाल्यांच्या पोटावर पाय आला, तेव्हा चुलत्यांनी त्यांना इथं आणलं. त्याला चाळीस वर्षं झाली. इथल्या लग्नांतले तांब्याचे मोठाले हंडे मग त्यांनीच उजळले. आता तेही अॅल्युमिनियमचे झाले. उरल्या कॉफीच्या जुन्या किटल्या आणि चाचांच्या चौकशा: भांडं कुठलं, कुणाचं, आत काय शिजायचं? गिऱ्हाईक घाईत असलं तरी सुटका नाही.

त्या दिवशी मात्र घाईच नडली. मसूदा सीफ भागातल्या ऑफिसातून लंच ब्रेकमध्ये आली. तिची अम्मी चार महिन्यांपूर्वी गेली. अम्मीचं काळवंडलेलं दुधाचं भांडं तिला उजळून हवं होतं.

"चाचा, यल्ला, लवकर करा. मला दोनला पोचायचंय."

चाचांनी न खरवडताच भांडं भट्टीवर धरलं. नवसागर टाकायच्या आत त्याचा कान वितळून निखाऱ्यांत टपकला.

त्यांनी भांडं झटकन उचललं, आता कुठं खरवडलं. खाली तांबं नव्हतंच, आरपार पांढरं. जे कथील जन्मभर कापसानं पातळ चढवलं, त्याचंच हे अख्खं भांडं! कुणी घडवलं असेल, कुठल्या मुलखात? क्षणभर चाचा हरखलेच, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

"माझी चूक, पोरी. हे कथलाचं आहे. आधी बघायला हवं होतं."

मसूदा तुटल्या जागेकडं बघत राहिली. "अम्मी इथंच धरायची," एवढंच म्हणाली.

चाचांच्या जिवाला फार लागलं. राखेतून त्यांनी थेंब न् थेंब वेचला. पण जुना आकार आणायचा कुठून? शेवटी त्यांनी मेणाचा गोळा तिच्या हातात दिला.

"अम्मी धरायची तसा धर."

त्या मेणावरून ओल्या रेतीत साचा केला, त्याच कथलाचा कान ओतला, घासून डाख देऊन भांड्याला जोडला. लोकांची भांडी उजळण्यात आयुष्य गेलं. स्वतः काही घडवायची ही पहिलीच वेळ.

तिसऱ्या दिवशी मसूदानं भांडं धरलं. चारी बोटं नेमकी बसली. तिनं कान सोडला, पुन्हा धरला.

"नाय जमलं?"

"जमलं. पण अम्मीची बोटं मोठी होती, चाचा. हा माझ्या हाताचा झालाय."

"वितळवून मोठा करून देतो."

तिनं भांडं जवळ ओढलं. "नको. घरात आता दूध मीच ओतते."