बर्मा किती, घाना किती

जालन्यात लाकडाच्या वखारीत नोकरी करताना मी घानाच्या सागावर खडूनं ‘बर्मा’ लिहीत राहिलो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

दोन्ही देशांचा साग गांधीधामहून ट्रकनं यायचा. ओंडक्याच्या तोंडाला रंग फासलेला असे, बर्माला तांबडा, घानाला निळा. करवतीवर आधी ती रंगाची चकतीच कापून पडायची. मग फळीवर देशाचं नाव लिहिणं माझं काम. दर महिन्याला शेठजींना तक्ता द्यायचा : कुठला माल किती घनफूट आला, किती गेला. मुरलेल्या, महागड्या बर्माचं येणं वर्षागणिक घटत होतं, कोवळ्या, स्वस्त घानाचं वाढत होतं. गिऱ्हाईक मात्र बर्माच मागायचं. त्यामुळे माझ्या तक्त्यात बर्मा यायचा थोडा आणि जायचा जास्त. शेठजी त्या आकड्यांवर बोट ठेवून नुसते हसायचे. “बर्मा संपला असं कोणाला म्हणायचं नाही,” एवढंच ते एकदा बोलले होते. बाकी सगळं मी केलं.

केदारखेड्याचे एक सुतार आमच्याकडे यायचे. वयानं मोठे, मी त्यांना मामा म्हणायचो. गावच्या मारुतीच्या देवळाला दार करायचं होतं. वर्गणी गावाची, मजुरी मामांनी घेतली नाही. देवाच्या कामाची ते घेत नसत. मी ‘बर्मा’ लिहिलेली फळी नाकाशी धरून म्हणाले, “भाऊ, वास हलका वाटून राह्यला.”

“मामा, तक्ता मी लिहितो का तुमचं नाक?”

ते हसले. माल घेऊन गेले.

पहिल्याच उन्हाळ्यात दार पिळलं. कडी बसेना. मामा दोन गावकऱ्यांना घेऊन वखारीत आले. “भाऊ, ह्यायला सांगा एकदा, मी इथून काय घेऊन गेल्तो.”

तक्ता माझ्यासमोरच उघडा होता. आल्यापेक्षा गेलेला बर्मा जास्त, एका नजरेत कळावं असा. शेठजी पलीकडे बसलेले. मी म्हणालो, “आम्ही तर बर्माच दिला होता, मामा.”

गावकऱ्यांतला एक हसला. “मंग काय, बर्मा वाटेतच उतरून गेल्ता का? अन् मिस्तरीनं दुसरंच लाकूड बसवलं गाडीत?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. “बराबर हाय,” म्हणाले आणि चप्पल शोधू लागले.

त्यानंतर गावात त्यांना कुणी चौकटसुद्धा करायला दिली नाही. ते एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात मालाची चढउतार करू लागले. सकाळी कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसलेले दिसायचे. हात आधी तेच वर करायचे.

मागच्या वर्षी ते गेले. दहाव्याला मी गेलो. शेजारी बसलेले एक म्हातारे कुणाला तरी सांगत होते, “हात सोन्याचा होता. पन देवाच्या दारात खाल्लं त्यानं.” मामी चार हातांवर होत्या. त्यांनीही ते ऐकलं आणि पदर पुढे ओढला. मी मान खाली घालून जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

नोकरी सुटली, आता कुणाची भीती नाही. तरी सांगायला गेलेलो नाही. त्या देवळापुढे उभं राहून, मामी आणि गाव ऐकत असताना, लाकूड घानाचं होतं आणि ते मी दिलं होतं, हे सांगायचं देणं माझ्यावर अजून बाकी आहे.