तबकडी संपते तिथून पुढे

राजापुराहून रत्नागिरीला जायचं तर आधी एकच प्रश्न असतो: मोटारीनं जायचं की खाडी उतरून आगबोटीनं? समुद्र मला मानवत नाही आणि मोटार मला आवडत नाही, त्यातल्या त्यात मोटार बरी. तीतून उतरून चालता तरी येतं, आणि घाटीत बरेचदा तेच करावं लागतं.

निमित्त माझ्या भाचीचं, वत्सलेचं. बोलपट आल्यापासून जो तो त्यातली पदं गुणगुणतो, म्हणून रत्नागिरीच्या एका गायनमंडळानं अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी रागदारीची चढाओढ ठेवली होती. वत्सू पंधरा वर्षांची. तिला गुरू नाही. तिचे वडील, म्हणजे आमचे भावजी, मुंबईहून एक फोनो आणि चार तबकड्या घेऊन आले. त्यातल्या एका तबकडीवर एका नामांकित बाईंचा यमन आहे, तोच तिचा गुरू. तबकडीच्या शेवटी बाई आपलं नाव सांगतात. लहानपणी वत्सूही गाणं संपलं की त्या बाईंचं नाव सांगून मोकळी व्हायची.

मी त्यांच्याकडेच राहतो. त्या घरात ती तबकडी म्हणजे घड्याळच. दिवेलागणीला भावजी झोपाळ्यावर बसून ती ऐकतात, ती संपली की पाय टेकून उठतात, आणि अक्का, माझी बहीण, पानं वाढते. अलीकडे फोनोऐवजी वत्सूच गायची, पण उठायची वेळ चुकली नाही.

चढाओढीचं कळल्यावर भावजींनी सरळ सांगितलं, "पहिला नंबर आला तर मास्तर बघू. नाही आला तर गाणं घरापुरतं, आणि स्थळं बघायला लागू." माणूस वाईट नाही, व्यापारी आहे. त्या दिवसापासून वत्सूचं जेवण कमी झालं.

काजूच्या सौद्यांमुळे भावजींना निघता येईना, म्हणून शाळेत रजा टाकून मी तिला घेऊन निघालो. सकाळच्या सर्व्हिस मोटारीला माणशी सव्वा रुपया पडतो. जाणाऱ्यांना एक सांगून ठेवतो, मागच्या चाकावरची जागा घेऊ नका. मी घेतली होती. लांज्याला चहापोहे घ्यायला उतरलो तेव्हा माझं धोतर, टोपी आणि मिशा एकाच तांबड्या रंगाच्या झाल्या होत्या.

पालीच्या अलीकडे इंजिन तापलं. ड्रायव्हर डबा घेऊन पऱ्ह्यावर पाणी आणायला गेला. आम्ही सगळे एका आंब्याखाली बसलो. मोहर आला होता, वास नुसता भरून राहिला होता. एका म्हातारीनं आग्रह केला म्हणून वत्सू गायली. संध्याकाळचा यमन, भर सकाळी! कोणी गवई असता तर कान झाकून घेतले असते. आमच्यात कोणी नव्हता, सगळे खूश. गाणं संपलं तेव्हा ड्रायव्हर पाणी ओतायचं सोडून उभा होता.

"बाय, थांबलीस कशाला? बरा चालला व्हता."

"तेवढंच आहे," वत्सू म्हणाली.

दुपारी रत्नागिरीत पोचलो. उतरलो माझ्या एका शाळासोबत्याकडे, पण त्याच्या घरच्यांना अवेळी त्रास नको म्हणून आधी बाजारातल्या खानावळीत जेवलो. कुळथाचं पिठलं, भात आणि सोलकढी. सोलकढीसाठी तरी तिथं जाच. संध्याकाळी मांडवीच्या बंदरावर गेलो. आगबोट लांब उभी होती आणि पडावांतून माणसं, ट्रंका, बोचकी असं सगळं किनाऱ्याला येत होतं. वत्सूनं त्यातलं काही पाहिलं असेल असं वाटत नाही. तिचे ओठ हलत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथल्या एका शाळेच्या दालनात बिछायत घातली होती. परीक्षक एक वयस्क गवईबुवा. गाण्याची शर्यत लावणं मला मुळातच पटत नाही, आणि तिथं बसलेली पोरं पाहून तर ती आणखीच खटकली. कोणी खडीसाखर चघळत होतं, कोणी बापाच्या बोटांवर मात्रा मोजत होतं. सावर्ड्याच्या एका कीर्तनकारांचा मुलगा गायला. असेल सोळा वर्षांचा. काय त्याच्या ताना! ऐकताना आनंद झाला आणि वत्सूसाठी वाईटही वाटलं.

मग वत्सू. तिनं सूर लावला, आणि पेटीवाला गोंधळला. हा सूर त्याच्या पेटीत नव्हताच. एक पट्टी खाली पडे, तिच्या शेजारची वर जाई. भानगड माझ्या लगेच ध्यानात आली. आमच्या फोनोची स्प्रिंग कधीची सैल झाली आहे, तबकडी जरा हळू फिरते. ती जिथं गाते तोच वत्सूचा षड्ज. लोक कुजबुजू लागले. बुवांनी पेटी मिटायला सांगितली, तंबोरा स्वतःकडे ओढला आणि खुंट्या पिळून तिच्या सुरात आणला. तबलजीनंही हातोडी चालवून तबला जुळवला.

ती गायली, जशीच्या तशी, एकही जागा न चुकता. आणि तबकडी संपते तिथं थांबली. प्रत्येकाला दहा मिनिटं होती. तिची तीन-साडेतीन झाली असतील.

"पुढं?" बुवांनी विचारलं.

"पुढं नाही. इथं तबकडी संपते."

सगळे हसले. बुवा हसले नाहीत. तंबोरा छेडतच म्हणाले, "तबकडी संपली, बाळ. यमन कुठं संपलाय?"

वत्सूनं माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? मला तर सरळ ओरडावंसं वाटलं, की पुरे, घरी चला. पण तिनं डोळे मिटले आणि निषादावर जाऊन थांबली, बराच वेळ. मग चाचपडत पुढं निघाली. दोनदा सम चुकली. एका तानेत मधेच श्वास संपला. पण मधेच एक-दोन जागा अशा आल्या, की त्या मी आमच्या घरात कधीच ऐकल्या नव्हत्या. मला रडू आलं, ते लपवायला उपरणं बरं पडलं. घंटा झाली तेव्हा ती गातच होती.

पहिला नंबर सावर्ड्याच्या मुलाचा, आणि तो रास्तच. वत्सूचा कुठलाच आला नाही. निघताना बुवांनी मला बाजूला घेतलं. मांडवीच्या रस्त्याला त्यांचं घर आहे, घरात बायकोही शिकवते. घरच्यांची हरकत नसेल तर मुलीला घेऊन या, म्हणाले. मी हो म्हणालो, पण माझ्या "हो"ला काय किंमत!

परतीच्या वाटेवर त्याच आंब्यापाशी मोटार थांबली. त्याच ड्रायव्हरनं नंबराचं विचारलं, मी नाही म्हणून मान हलवली. वत्सू उतरली नाही.

घरी भावजींनी विचारलं, नंबर? मी नाही म्हणालो, आणि बुवांचा निरोप सांगितला. ते "बरं" म्हणाले. त्या "बरं"चा अर्थ अक्कालाही कळला नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला वत्सू नेहमीसारखी गायला बसली. ठरलेल्या जागी भावजींनी पाय टेकून झोपाळा थांबवला आणि उठले. गाणं थांबलं नाही. ते तसेच उभे राहिले, एक हात कडीला. वत्सू चुकत होती, मागं येत होती, पुन्हा निघत होती. भावजी हळूच परत बसले. अक्का भाताचं पातेलं घेऊन दारातच खोळंबली.

बऱ्याच वेळानं ती थांबली.

"हे तबकडीत नाही," भावजी म्हणाले.

"नाही, आप्पा."

निवलेला भात आम्ही जेवलो. सकाळी मी शाळेला निघालो तर भावजी मोटारस्टँडवरून परत येत होते. रविवारच्या रत्नागिरीच्या मोटारीत तीन जागा सांगून आलो, म्हणाले. मी एवढंच विचारलं, मागच्या चाकावरच्या तर नाहीत ना?