सरकारांची पोथी

कलाशाळेतून बाहेर पडले त्या वर्षी आमच्या उचगावच्या घरासमोर एक पांढरी अँबॅसिडर येऊन थांबली. तिच्यातून उतरलेले गृहस्थ जुन्या सरदार घराण्यातले. संस्थान विलीन होऊन जमाना झाला होता, पण कसबा बावड्याकडे त्यांना अजून सगळे 'सरकार'च म्हणत. कलाशाळेच्या प्रदर्शनात माझं एक तळहाताएवढं चित्र त्यांनी पाहिलं होतं. माझे वडील शाहूपुरीत दुकानांचे बोर्ड रंगवायचे. सरकारांसमोर ते खुर्चीत बसेनात, भिंतीला टेकून उभेच राहिले.

"आमच्या घराण्याची पोथी करायची आहे," सरकार म्हणाले. "हातानं लिहिलेली, सोन्याचं काम असलेली. जुनी एक आहे, तिला कसर लागली. ती आमच्या खापरपणजोबांनी करवून घेतली होती. चिताऱ्याला बारा वर्षं घरात ठेवून घेतलं होतं त्यांनी. तुझं वर्षभराचं काम आहे."

बारा वर्षं ऐकून मला त्या चिताऱ्याचा हेवा वाटला. कुणीतरी एखाद्याच्या हाताची इतकी किंमत करतं, असं वाटलं.

अटी तीनच होत्या. पानं बंगल्याबाहेर जायची नाहीत. पोथी पुरी होईपर्यंत दुसरं काम घ्यायचं नाही. आणि चित्रावर सही नाही. "जुन्यांनी कधी केली नाही," सरकार म्हणाले. वडिलांनी माझ्या आधीच होकाराची मान हलवली.

बंगला उसाच्या रानांना लागून होता. मला वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. तिला दोन मोठ्या खिडक्या होत्या आणि दोन्हींच्या काचा स्क्रू लावून कायमच्या बंद केलेल्या. गाळपाच्या हंगामात हवेतून साखर कारखान्याची काजळी यायची, ती पानांवर बसू नये म्हणून. पंखा होता, पण लावायचा नाही. सोन्याचा वर्ख इतका पातळ असतो, की जवळ बसून मोकळा श्वास घेतला तरी उडतो. डिंक लावायचा, वर्ख ठेवायचा, वाळू द्यायचा, मग गुळगुळीत दगडानं घोटत बसायचं. एप्रिलमध्ये त्या खोलीत घाम पानावर पडू नये म्हणून मी कपाळाला फडकं बांधायची.

खोलीत मी एकटी नव्हते. अक्षर लिहायला सीमेकडच्या गावातून एक वृद्ध जैन गृहस्थ आणले होते. मठातल्या पोथ्या उतरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते बोरूनं लिहायचे, आणि ओळ कधी वाकडी जायची नाही. मला ते 'तंगी' म्हणायचे. कानडीत धाकटी बहीण. वयानं आजोबा शोभतील असे, पण मी त्यांना 'अण्णा' म्हणू लागले. ते सूर्य मावळायच्या आत जेवायचे, त्यामुळे साडेपाचला बोरू धुऊन ठेवायचे. आमचं काम नाहीतरी दिवसाच्या उजेडाचंच होतं. ते उठले की मीही उठायची, आणि खाली गाडी उभी असायची. गाडी मला घरी सोडायची, सकाळी घ्यायला यायची. पहिले काही महिने गल्लीतल्या बायका दारात येऊन बघत. एकदा मी ड्रायव्हरला म्हटलं, आज चालत जाते, वाटेत मैत्रीण आहे. तो म्हणाला, "न्हाय ताई. घरात सोडून यायचं, असं सांगितलंय." ते ऐकून मी गाडीत बसले.

वर्षाची दोन वर्षं झाली. पानं पुढं सरकायची आणि मागं यायची. सरकारांचे धाकटे भाऊ दरबाराच्या चित्रात उजव्या हाताला बसले होते. दोघांचं जमिनीवरून बिनसलं, तसे सरकार वर आले. पानाकडे बोट करून म्हणाले, "ह्यांना मागच्या रांगेत घे." मी घेतलं. सहा महिन्यांनी त्यांचं जुळलं, मग परत पुढं आणलं. आईसाहेबांना, म्हणजे सरकारांच्या पत्नीला, आपली हनुवटी आवडली नव्हती. ती मी चार वेळा केली.

ह्या सगळ्यात त्यांनी आमच्यावर कधी आवाज चढवला नाही, हे सांगायला हवं. उलट माझ्या आईचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांशी ते स्वतः बोलले. माझा भाऊ बी.कॉम. होऊन घरी बसला होता, त्याला त्यांनी एका पतसंस्थेत चिकटवलं. आम्ही काही मागितलं नव्हतं. ते कुणाकडून तरी ऐकायचे आणि करून टाकायचे. प्रत्येक वेळी आई देवापुढे साखर ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी मी गाडी यायच्या आधीच दारात उभी असायची.

तिसऱ्या वर्षी सांगलीच्या एका शाळेत चित्रकला शिक्षिकेची जागा निघाली. माझ्या सरांनी निरोप पाठवला. मी अर्ज केला, निवड झाली, आणि पत्र पर्समध्ये घालून सरकारांसमोर उभी राहिले.

त्यांनी पत्र पूर्ण वाचलं. "चांगलं आहे," ते म्हणाले. "जा की. तुला कुणी अडवलंय? फक्त राहिलेली पानं कोण करणार, तेवढं सांगून जा."

मी पत्र परत पर्समध्ये ठेवलं. त्यांनी विचारलं, "भाऊ बरा आहे ना पतसंस्थेत?"

विचारलं ते अगदी सहज. मी "हो" म्हटलं आणि वर गेले.

घरी वडिलांना सांगितलं, तर ते कुंचले धुता धुता थांबले. "खुळी हायस काय? त्या माणसानं आपल्यासाठी काय काय केलं, आन् तू शाळेत पोरं हाकायला जातीस?" भाऊ ताटावरून उठून बाहेर गेला. मी पत्राला उत्तरच पाठवलं नाही.

नंतरचे महिने मला नीट आठवत नाहीत. खिडकीच्या काचेपलीकडे ऊस वाढायचा आणि तोडला जायचा, तेवढं आठवतं. अण्णांना मी एकदा विचारलं, तुम्हाला घरी जावंसं वाटत नाही? ते म्हणाले, "वाटतंय की. पण तंगी, त्यांनी माझ्या मुलीचं लग्न करून दिलं." मग ते पुन्हा ओळ लिहू लागले.

त्या खोलीत येणारं तिसरं माणूस म्हणजे सरकारांची धाकटी मुलगी. कॉलेजला होती. ती मला 'ताई' म्हणायची, आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान असूनही मी तिला 'ताईसाहेब'. दुपारी ती येऊन जमिनीवर बसायची, शेंगदाणे खायची, आणि अण्णांनी रागावून बघितलं की टरफलं ओढणीत गोळा करायची. मिरवणुकीच्या पानात तिला मेण्यात बसवायचं होतं. ती आठ दुपारी माझ्यासमोर बसली. मी त्या पोथीत साठेक चेहरे काढले असतील, पण समोर माणूस बसवून काढलेला तो एकच. त्यात ती हसू दाबतेय असं दिसायचं, कारण खरंच ती तसं करत होती.

त्याच हिवाळ्यात तिनं पुण्यात लग्न केलं. मुलगा तिच्या वर्गातला, जातीबाहेरचा. बंगल्यात चार दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही. पाचव्या दिवशी सरकार वर आले, आणि मिरवणुकीचं पान मागून घेऊन टेबलावर ठेवलं.

"हिला काढून टाक," ते मला म्हणाले. मग अण्णांना, "आणि खालच्या ओळीतलं नाव."

अण्णांनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. "सरकार, मला आता दिसत न्हाय," ते म्हणाले. "बरेच दिवस सांगीन सांगीन म्हणत होतो. डोळे गेले. मला गावाकडं सोडा."

तासाभरापूर्वी त्यांनी माझ्या कुंचल्यातला एक आडवा केस लांबून बघून काढून दिला होता. सरकारांनी त्यांच्याकडे बघत पान परत घेतलं. "बरं," ते म्हणाले. अण्णांनी बोरू धुतले, कापडात गुंडाळले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग सरकारांनी माझ्याकडे बघितलं.

मला अण्णांसारखं काही सुचलं नाही. मी पातं घेतलं.

आधी कडेचं सोनं निघतं. ते पापुद्र्यासारखं सुटतं. मग रंग, आणि त्याखालचा पांढरा थर. तो फार हलक्या हातानं काढावा लागतो, नाहीतर कागद फाटतो. मी फाडला नाही. हात जराही हलला नाही, आणि त्याचीच मला पुढं कित्येक वर्षं लाज वाटली. दुपारपर्यंत मेण्याच्या जागी मी आंब्याचं झाड काढलं. चांगलं काढलं. सरकारांनी पाहून मान डोलावली आणि ते खाली गेले.

मी कुंचले धुतले. कपाळाचं फडकं सोडून टेबलावर ठेवलं. खाली येऊन दिवाणखान्यात सरकारांना म्हटलं, "उद्यापासून मी येणार नाही."

त्यांनी पेपर खाली केला. "पानं झाकून ठेवलीस?"

"हो."

"ठीक आहे," ते म्हणाले, आणि पेपर पुन्हा वर गेला.

गाडी उभी होती. ड्रायव्हरनं दार उघडलं. मी त्याच्या शेजारून फाटकाबाहेर गेले. मागून कुणी हाक मारली नाही. मेन रोडपर्यंत चालत आले.

घरी मी महिनाभर वाट पाहिली. भावाला बोलावतील, काढून टाकतील, वडिलांची कामं बंद होतील. काहीच झालं नाही. भाऊ त्याच पतसंस्थेत पुढं वसुली अधिकारी झाला. मी निघाले तेव्हा सरकारांनी मला अडवलं नव्हतंच, आणि सांगलीच्या वेळीही बहुधा अडवलं नसतं. हे मला कधी पूर्ण कळलं नाही, आणि जेवढं कळलं तेवढ्यानं बरं वाटलं नाही. ती वर्षं मी कुणाच्या धाकात काढली, ह्याचं उत्तर मग माझ्याकडेच उरतं.

पुढं मी कोल्हापुरातल्याच एका शाळेत चित्रकला शिकवायला लागले. दोन हजार सालानंतर फ्लेक्स आले आणि वडिलांचे बोर्ड थांबले. सरकार वारले, ते मी वर्तमानपत्रात वाचलं. पोथीचं काय झालं, माहीत नाही. अण्णांच्या जागी तसं अक्षर काढणारं कुणी त्यांना मिळालं नव्हतं, एवढं ड्रायव्हर एकदा बाजारात भेटला तेव्हा सांगून गेला.

मग एका जूनमध्ये पाचवीच्या वर्गात एक नवी मुलगी आली, आणि तिला न्यायला तिची आई. मी ताईसाहेबांना फाटकातच ओळखलं. तिनंही. तिनं येऊन माझे दोन्ही हात धरले.

"ताई, मला आईनं सांगितलं होतं," ती म्हणाली. "आबांनी माझं चित्र पुसून टाकायला सांगितलं, आणि तुम्ही ऐकलं नाही. काम सोडून गेलात. त्या वर्षी माझ्या बाजूनं घरात कुणी नव्हतं. मला कितीदा तुमची आठवण आली."

तिचे हात गरम होते. शाळा सुटलेली, पोरं दोन्ही बाजूंनी धक्के देत जात होती. नुसतं हसले असते तरी चाललं असतं.

"ऐकलं नाही ते अण्णांनी," मी म्हटलं. "त्यांनी तुमचं नाव खोडलं नाही. चेहरा मी खरवडला. मग सोडून गेले."

तिनं हात लगेच सोडले नाहीत. थोड्या वेळानं सोडले. "त्या जागी काय आहे?"

"आंब्याचं झाड."

ती "बरं" म्हणाली, अगदी तिच्या वडिलांसारखं. मुलीचं दप्तर खांद्याला लावून निघाली. दुसऱ्या दिवसापासून मुलीला न्यायला रिक्षावाले काका येऊ लागले. ती मुलगी माझ्या वर्गात तीन वर्षं होती. हात चांगला होता तिचा. तिनं काढलेल्या प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात मी तिला स्वतःचं नाव घालायला लावायची.